विज्ञान माणसाला अमर करेल का? व्याख्यानानंतर हमखास येणारे प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मी ज्येष्ठ नागरिक संघांत आणि शाळांत म्हातारपणाच्या विज्ञानावर बोलायला जाते. विषय मधुमेहाचा असो की हाडांच्या ठिसूळपणाचा, प्रश्न सुरू झाले की पाचव्या मिनिटाला गाडी अमरत्वावर येते. पंच्याहत्तरीचे आजोबा आणि सातवीतली मुलगी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. सभागृहात वेळ पुरत नाही, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

मॅडम, एका शब्दात सांगा. माणूस अमर होणार का?

नाही.

दुसऱ्या शब्दाची परवानगी असेल तर सांगते: म्हातारपण लांबवता येईल असं मला मनापासून वाटतं, आणि आज शाळेत असलेल्या मुलांना त्याचा थोडाफार फायदा मिळेल असंही वाटतं. मरण टाळणं आणि म्हातारपण लांबवणं या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात आणि तिथेच जाहिरातवाल्यांचं फावतं.

पण म्हातारपण आलंच नाही, तर माणूस कायमचाच जगेल ना?

हिशेब करून बघू. समजा असं औषध निघालं, की पंचविशीतलं शरीर तसंच्या तसं राहतं. तरी दुचाकी घसरते, साप चावतो, पुरात माणूस वाहून जातो, नवा विषाणू येतो. अशा कारणांनी हजार माणसांमागे वर्षाला एक जण जातो असं धरलं, तर सरासरी आयुष्य हजार वर्षांचं होतं. त्यातही निम्मे लोक सातशे वर्षं पुरी व्हायच्या आत गेलेले असतील. हे थोडं नाही. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली त्याला सव्वासातशेच्या वर वर्षं झाली आहेत, तेवढा काळ एका माणसाच्या वाट्याला येईल. पण त्याला ‘कायमचं’ म्हणता येत नाही. धोका कितीही कमी केलात तरी तो शून्य होत नाही, आणि शून्य झाल्याशिवाय अमरत्व नाही.

आपल्या सात चिरंजीवांतला अश्वत्थामा मला या संदर्भात नेहमी आठवतो. नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं आजही सांगतात, की तो कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. त्याला आयुष्य मिळालं, जखम भरण्याची शक्ती मिळाली नाही. म्हणून ते वरदान ठरलं नाही, शाप ठरला. म्हातारपणावरचं आजचं सगळं संशोधन खरं तर या एकाच गोष्टीभोवती फिरतं: जखम भरायची कशी.

म्हातारपण येतं तरी का? शरीर यंत्रासारखं झिजतं म्हणून?

यंत्राची उपमा अर्धीच लागू पडते. शिवणयंत्र स्वतःचं तेलपाणी स्वतः करत नाही, शरीर करतं. प्रश्न असा आहे, की ही दुरुस्ती वयाबरोबर का मंदावते.

एका श्रावणात नारळ खवताना आईच्या अंगठ्याला विळीची खवणी लागली. जखम अर्धा इंचाचीसुद्धा नव्हती. आई तेव्हा ८६ वर्षांची, साखर नाही, रक्तदाब आटोक्यात. त्याच आठवड्यात माझी नात सायकलवरून पडली आणि तिचा गुडघा चांगला रुपयाएवढा सोलवटला. रोज संध्याकाळी दोघींना शेजारी बसवून मी एकाच कापसाने, एकाच औषधाने जखमा पुसायची. नातीच्या गुडघ्यावर तिसऱ्या दिवशी खपली धरली, दहाव्या दिवशी ती गळून खाली गुलाबी कातडी दिसली. आईच्या अंगठ्याची कड मात्र तीन आठवडे ओलसर पांढरट राहिली. जखम पूर्ण मिटायला पाच आठवडे लागले. जीवशास्त्र तीस वर्षं शिकवूनही म्हातारपण म्हणजे काय ते मला त्या पाच आठवड्यांत जितकं कळलं तितकं आधी कळलं नव्हतं.

आत काय चाललेलं असतं? नव्या पेशी सावकाश तयार होतात, बारीक रक्तवाहिन्या विरळ झालेल्या असतात. शिवाय काही पेशी थकून विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत. त्या तिथेच बसून आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. तरुणपणी शरीर त्यांना झाडून काढतं, पुढे त्या साचतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उंदरांच्या शरीरातून अशा पेशी काढून टाकण्याची युक्ती केली, तेव्हा त्या उंदरांना म्हातारपणाच्या कित्येक तक्रारी उशिरा सुरू झाल्या.

दुरुस्ती का मंदावते, याचं उत्तर उत्क्रांतीत आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५२ च्या सुमारास मांडलेला विचार साधा आहे. रानातला उंदीर म्हातारा होईपर्यंत मांजर, घुबड किंवा थंडी त्याला सोडत नाही. मग म्हातारपणी त्रास देणारे जनुकीय दोष चाळून काढायला निसर्गाला संधीच मिळत नाही, कारण ते दोष दिसायच्या आत पिल्लं जन्मलेली असतात. पुढे टॉम कर्कवुड यांनी १९७७ मध्ये त्यात भर घातली: शरीराकडे शक्तीचं ठरावीक बजेट असतं, आणि ते कायमच्या डागडुजीवर घालवण्यापेक्षा पिल्लं वाढवण्यावर घालवणं फायद्याचं ठरतं. म्हणजे म्हातारपण कुणी मुद्दाम लिहून ठेवलेलं नाही. ते दुर्लक्षातून आलेलं आहे. आणि दुर्लक्षातून आलेल्या गोष्टीकडे लक्ष देता येतं. माझी आशा आहे ती इथे.

सर्वांत जास्त कोण जगलं? आमच्या गावात एक आजी १३० वर्षांच्या होत्या.

कागदपत्रांनी पटलेला विक्रम फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ यांचा. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७, म्हणजे १२२ वर्षं १६४ दिवस. काही रशियन अभ्यासकांनी २०१८ मध्ये, आईच्या नावावर मुलगीच जगली असावी अशी शंका काढली होती, पण बहुतेक लोकसंख्यातज्ज्ञांना ती पटलेली नाही. काल्माँ गेल्यापासून आजवर तो आकडा कुणी ओलांडलेला नाही.

गावातल्या आजींबद्दल मला आदरच आहे, पण जन्माची नोंद दाखवा म्हटलं की गोष्ट थांबते. आपल्याकडे त्या पिढीत जन्म दुष्काळावरून, प्लेगच्या साथीवरून नाहीतर थोरल्या भावाच्या मुंजीवरून सांगितला जायचा. साठ-सत्तर वर्षांनी त्यात दहा-पंधरा वर्षं सहज मिसळतात. हिमालयातल्या दोनशे वर्षांच्या साधूंचंही तेच.

नोंद असलेली आपली माणसंही काही कमी नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ ला जन्मले, शंभरीत त्यांना भारतरत्न मिळालं आणि ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले, १०४ वर्षांचे होऊन. आपण सहस्रचंद्रदर्शन करतो ते ८१ च्या आसपास. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, त्याला हजाराने गुणा, ८० वर्षं १० महिने येतात. पोथीतला तो हिशेब आजही बरोबर आहे.

वय वाढलं की मरणाची शक्यता नेमकी किती वाढते?

बेंजामिन गोम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ मध्ये हे मांडलं. तिशीनंतर साधारण दर आठ वर्षांनी त्या वर्षी मरण्याची शक्यता दुप्पट होते. श्रीमंत देश, गरीब देश, पुरुष, बाई, सुरुवातीचा आकडा बदलतो, दुप्पट होण्याचा वेग फारसा बदलत नाही. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवा, म्हणजे नव्वदीनंतर माणसं इतकी भराभर का जातात ते कळेल.

याच कारणाने एखादा रोग संपवून आयुष्य फार वाढत नाही. जगातला सगळा कर्करोग उद्या नाहीसा झाला तरी विकसित देशांत सरासरी आयुष्य तीनेक वर्षांनीच वाढेल असा अंदाज आहे, कारण कर्करोगातून वाचलेल्या ऐंशीच्या माणसाला हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश वाट बघत उभेच असतात. आठ वर्षांचे नऊ करता आले तर मात्र सगळेच रोग एकदम मागे सरतील. संशोधकांना म्हातारपणालाच हात घालायचा आहे तो म्हणून.

एक गमतीची गोष्ट: इटलीत १०५ च्या पुढच्या माणसांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात ही चढण थांबून सपाटी लागल्यासारखी दिसली. पण ती सपाटी कुठे, तर दर वर्षी निम्मी माणसं जातात तिथे. दर वाढदिवसाला नाणं उडवायचं आणि छापा पडला तर पुढे, असं दहा वेळा लागोपाठ जमणारा हजारात एक.

पेशी ठरावीक वेळाच विभागते असं वाचलं. मग ती मर्यादा उठवली की झालं?

अलेक्सी कारेल या नोबेलविजेत्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. त्या १९४६ पर्यंत जिवंत ठेवल्या गेल्या आणि सगळ्या जगाला वाटलं, पेशी मुळात अमरच आहे. फिलाडेल्फियातल्या लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये ते मोडून काढलं. माणसाच्या पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात असं त्यांनी पॉल मूरहेड यांच्याबरोबर दाखवलं. कारेल यांच्या भांड्यात खाद्य म्हणून घातल्या जाणाऱ्या अर्कातून बहुधा ताज्या पेशी जात राहिल्या असाव्यात.

थांबण्याचं एक कारण गुणसूत्रांच्या टोकांशी असतं. बुटाच्या नाडीच्या टोकाला जशी प्लॅस्टिकची टोपी असते, तशी या टोकांना टेलोमिअर नावाची टोपी असते. प्रत्येक विभाजनात ती जराशी झिजते. ती पुन्हा वाढवणारं टेलोमरेझ नावाचं विकर (एन्झाइम) एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना १९८४ मध्ये डबक्यातल्या एका एकपेशीय जिवात सापडलं. टेलोमिअरच्या कामासाठी त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

मग ते विकर सगळ्या पेशींत चालू का करू नये? कारण ज्या पेशींत ते सर्रास चालू असतं त्यांना आपण कर्करोग म्हणतो. हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईंच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात, त्यांना न विचारता, संशोधनासाठी घेतल्या गेल्या. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेल्या. त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत, पोलिओच्या लशीपासून किती कामं त्यांवर झाली याला गणती नाही. अमर पेशी आपल्याला मिळाली ती अशी, एका तरुण बाईचा जीव घेणारी. वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वेळी जड व्हायचा. त्यांचं नाव मुलांना पाठ असलं पाहिजे असा माझा आग्रह असे.

निसर्गात अमर प्राणी आहेत ना?

म्हातारे न होणारे आहेत. सगळ्यात जवळचं उदाहरण हायड्रा. गोड्या पाण्यात राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा, वर पाच-सहा शुंडकं, म्हणजे सोंडेसारखे धागे, असलेला जीव. दोन तुकडे केले तर दोन हायड्रा होतात. त्याच्या अंगातल्या मूळ पेशी सतत नव्या पेशी करत राहतात, जुन्या टोकांकडून गळून पडतात. डॅनिएल मार्टिनेझ यांनी चार वर्षं हायड्रा पाळून १९९८ मध्ये लिहिलं, की वयाबरोबर त्यांच्या मरण्याचं प्रमाण वाढताना दिसत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरीच वर्षं काम झालं आहे, आणि आपल्याकडच्या पाण्यातल्या हायड्राची ओळखही तिथल्या अभ्यासातून पटली.

एक जेलीफिश आहे, जखमी किंवा उपाशी झाली की पुन्हा बाल्यावस्थेत जाते. फुलपाखराने परत सुरवंट व्हावं तसं. अर्थात समुद्रात तिलाही कुणीतरी खातंच.

हे झाले साधे जीव. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत आर्क्टिकमधला बोहेड देवमासा दोनशे वर्षं ओलांडतो. अलास्कात २००७ मध्ये पकडलेल्या एका देवमाशाच्या मांसात एकोणिसाव्या शतकातल्या भाल्याचं टोक रुतलेलं सापडलं होतं. आफ्रिकेतला बिळात राहणारा बिनकेसांचा उंदीर तीस वर्षांच्या पुढे जगतो. घरातल्या उंदराला तीन वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी. दोघांचं रक्त, मांस, हाडं एकाच मालाची. म्हणजे आयुष्याची लांबी भौतिकशास्त्राने ठरवून दिलेली नाही, ती बदलू शकते. फक्त त्या उंदराला तीस वर्षं मिळवायला लाखो वर्षं लागली, आणि आपल्याला ते एका गोळीत हवं आहे.

प्रयोगशाळेत कुणाचं आयुष्य वाढवून दाखवलंय का?

हो, आणि ही गोष्ट सांगायला मला फार आवडते.

सिंथिया केन्यन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीतलं एकच जनुक बदललं आणि तीन आठवड्यांच्या आत मरणारा तो कृमी दुपटीहून जास्त जगला. तोपर्यंत म्हातारपण हा गंभीर संशोधकाचा विषय फारसा मानला जात नव्हता.

त्याहून रंजक गोष्ट रॅपामायसिनची. कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम १९६४ मध्ये प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. तिथून आणलेल्या मातीतल्या जिवाणूंतून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी एक द्रव्य वेगळं केलं आणि बेटावरून त्याला रॅपामायसिन नाव दिलं. सेहगल मूळचे पंजाबचे. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली, संशोधन गुंडाळायचा हुकूम आला. सेहगल यांनी त्या जिवाणूचा साठा घरी नेऊन स्वतःच्या फ्रीजरमध्ये ठेवला, आणि काही वर्षांनी नव्या वरिष्ठांना पटवून काम पुन्हा सुरू केलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी ते औषध १९९९ मध्ये मंजूर झालं. सेहगल २००३ मध्ये गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून जाहीर केलं, की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या उंदरांना हे औषध दिलं तरी त्यांचं आयुष्य वाढतं, माद्यांचं सुमारे १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के. साठीनंतर सुरू करूनही गुण येतो, हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. हे बघायला ते हवे होते असं मला नेहमी वाटतं.

पण म्हणून औषधाच्या दुकानात धावू नका. रॅपामायसिन रोगप्रतिकारशक्ती दाबतं. उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतो, आपण राहत नाही.

मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. म्हणजे माझं आयुष्य वाढणार का?

मधुमेह ताब्यात राहिला तर नक्कीच वाढेल. निरोगी माणसाला मेटफॉर्मिनने म्हातारपण उशिरा येतं का, हे मात्र अजून सिद्ध नाही. निर बार्झिलाय हे अमेरिकेतले डॉक्टर त्यासाठी सुमारे तीन हजार वृद्धांची चाचणी करायची म्हणून वर्षानुवर्षं पैसे गोळा करत आहेत. गोळी इतकी जुनी आणि स्वस्त, की तिच्यावर कुणाला नफा मिळणार नाही, म्हणून पैसे जमत नाहीत. मला याचा संताप येतो. जे औषध जगातल्या सगळ्यात गरीब माणसालाही परवडेल, नेमकं तेच तपासायला पैसा नाही.

उपासाने आयुष्य वाढतं का? आम्ही एकादशी करतो.

कॉर्नेल विद्यापीठाच्या क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये कमी खाणारे उंदीर जास्त जगतात असं दाखवलं, आणि ते तेव्हापासून अनेकदा पडताळलं गेलंय. माकडांवर मात्र दोन मोठे प्रयोग झाले आणि निकाल वेगळे आले. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, दुसऱ्या प्रयोगात आयुष्यात फरक पडला नाही. तपशील पाहिल्यावर कळलं, की विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांना गोड खाणं भरपूर आणि पोटभर मिळत होतं. म्हणजे कमी खाण्याचा फायदा झाला की जास्त खाण्याचा तोटा टळला, हे सांगणं अवघड.

एकादशीचं म्हणाल तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आज्यांनीच केली आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा चिवडा हे कमी खाणं नव्हे. आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी, विशेषतः वजन उतरत असेल तर, जेवण तोडू नये. या वयात स्नायू टिकवणं जास्त गरजेचं आहे.

वय उलटं फिरवता येतं म्हणतात, ते काय आहे?

जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलं, की चार जनुकं चालू केली तर उंदराच्या कातडीची प्रौढ पेशी गर्भातल्या पेशीसारखी होते. माणसाच्या पेशीवरही ते जमलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आईच्या अंगठ्यावरची ८६ वर्षांची पेशीसुद्धा, तत्त्वतः, कोऱ्या पाटीवर परत जाऊ शकते. मला आजवर कळलेल्या गोष्टींत याहून थक्क करणारी दुसरी नाही.

अडचण अशी, की पाटी पूर्ण पुसली तर पेशी आपण कातडीची होतो हेच विसरते आणि जिवंत उंदरात तिच्या गाठी होतात. म्हणून ही जनुकं थोडाच वेळ चालू करून बंद करायची, असं २०१६ पासून करून बघतात. अकाली म्हातारे होणारे उंदीर त्याने जास्त जगले. हार्वर्डमध्ये २०२० मध्ये चारपैकी तीनच जनुकं वापरून उंदरांच्या इजा झालेल्या डोळ्यांत दृष्टी काही प्रमाणात परत आणली. अब्जाधीशांचा पैसा सध्या या कामात ओतला जातोय तो उगाच नव्हे. माणसाच्या बाबतीत पहिला उपयोग एखाद्या अवयवापुरता होईल, बहुधा डोळ्यापासून.

शंभर वर्षं जगवणाऱ्या गोळ्या, मूळ पेशींची इंजेक्शनं, तरुण रक्त? आमच्याकडे माहितीपत्रक आलंय.

ते रद्दीत टाका. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी अशाच इंजेक्शनांवर मुदत ठेव मोडून खर्च केला. गुडघा आहे तसाच आहे आणि ठेव गेली. त्यांच्या पत्नीने मला बँकेचं पासबुक उघडून दाखवलं, तेव्हा काय बोलावं सुचेना.

तरुणांचा रक्तरस वृद्धांना विकणाऱ्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये जाहीर ताकीद दिली: फायद्याचा पुरावा नाही, धोका आहे. ही हाव नवी नाही. पंडित मदनमोहन मालवीयांसारख्या थोर माणसाने १९३८ मध्ये अंधाऱ्या कुटीत राहून कायाकल्प करून घेतला होता, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. पुढे ते आठेक वर्षं जगले. त्या वयाचा माणूस तसंही तेवढं जगू शकतो.

मृतदेह गोठवून ठेवला तर पुढे जिवंत करता येईल?

जेम्स बेडफर्ड या अमेरिकन प्राध्यापकांचा देह १२ जानेवारी १९६७ पासून गोठवलेला आहे, आता ॲरिझोनात, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. अजून एकालाही उठवलेलं नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, आणि गोठण टाळणारी द्रव्यं इतक्या प्रमाणात विषारी असतात. कॅलिफोर्नियात तर पैसे संपल्यावर काही देह वितळून गेले. मी यावर वेळ घालवणार नाही.

मेंदू संगणकात उतरवला तर?

ज्या कृमीची गोष्ट वर सांगितली त्याच्या चेतासंस्थेत ३०२ चेतापेशी आहेत. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये पूर्ण झाला. इतकी वर्षं झाली, तरी तो कृमी संगणकात पूर्णपणे जिवंत झाल्यासारखा वागवता आलेला नाही. फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा नकाशा २०२४ मध्ये आला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज आहेत. आणि समजा जमलं, तरी पडद्यावर माझ्या आवाजात बोलणारी ती कोण असेल? माझ्या नातीला कदाचित तिचा आधार वाटेल. माझं मरण त्याने टळलेलं नसेल.

कुणी दीडशे वर्षं तरी जगेल का?

यावर दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००० मध्ये पैज लावली. स्टीव्हन ऑस्टड म्हणतात, २१५० पर्यंत दीडशे वर्षांचा माणूस असेल आणि तो आधीच जन्मलेला आहे. जे ओल्शान्स्की म्हणतात, नसेल. दोघांनी दीडशे-दीडशे डॉलर गुंतवले, नंतर रक्कम वाढवली. जिंकणाऱ्याच्या वारसांना पैसे मिळायचे आहेत. मी पैज लावली तर ऑस्टड यांच्या बाजूने लावेन, पण फार थोडे पैसे.

स्वातंत्र्याच्या वेळी आपलं आयुर्मान ३२ होतं, आता ७० आहे. मग असंच वाढत जाणार ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ३२ या आकड्याचा अर्थ तेव्हा माणसं बत्तिशीत म्हातारी होत असा नाही. एक मूल जन्मल्याच्या आठवड्यात गेलं आणि एक माणूस ६४ वर्षांचा होऊन गेला, की सरासरी ३२ येते. आपल्याकडे जी चाळीसेक वर्षं वाढली त्यांतली बरीचशी पाळण्यातल्या मुलांची आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं: घरी जन्मलेल्या बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ ला त्यांनी निष्कर्ष दिले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. ६०० दिवसांच्या उंदराला ९ टक्के आयुष्य मिळालं म्हणून मी आनंदाने सांगते, पण पाचवीच्या पूजेआधी जाणारं बाळ वाचलं तर एकदम सत्तर वर्षं वाढतात. आयुष्य वाढवण्याची याहून मोठी कामगिरी महाराष्ट्रात दुसरी कुठली झाली असेल असं मला वाटत नाही. पाठ्यपुस्तकात तिला धडा हवा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: असंच वाढणार नाही. बाळांचे मृत्यू कमी करून मिळणारी वाढ एकदाच मिळते. सत्तरच्या पुढची वर्षं वृद्धांच्या शरीरातूनच काढावी लागतील, आणि ती फार महाग आहेत.

कुणी मेलंच नाही तर जागा कुठून आणायची?

सगळे एकदम मरायचे थांबणार नाहीत, त्यामुळे ही चिंता लांबची आहे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी दोनापेक्षा कमी मुलं होतात. मला जास्त भीती वाटते ती ही, की औषध निघेल आणि ते आधी मुंबई-पुण्यातल्या मोजक्या लोकांना मिळेल. मेळघाटातली माणसं तेव्हाही आजच्याच वयाला जात असतील.

चांगदेव चौदाशे वर्षं जगले, त्यामागचं विज्ञान काय?

ती कथा आहे, त्यात विज्ञान शोधू नये. योगबळाने काळाला चुकवत राहिलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, मायना काय लिहावा हे न सुचल्याने कोराच कागद पाठवला, आणि लहानगी मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. एवढी कथा मला पुरते.

माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. आत्ता, आज काय करता येईल?

रक्तदाब मोजा आणि गोळी चुकू देऊ नका. मोतीबिंदू पिकायची वाट न बघता काढून घ्या. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, कारण ऐकू न येणारा माणूस आधी गप्प होतो आणि मग एकटा पडतो. रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायला सांगा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. न्हाणीघरात हाताला येईल अशी दांडी बसवा, ओली फरशी आणि सुटं पायपुसणं यांनी जितकी खुब्याची हाडं मोडतात तितकी कशानेच नाही. जेवणात डाळ, दूध, अंडं यातलं काहीतरी दोन्ही वेळा असू द्या. संध्याकाळी चहा-पोळीवर भागवणारे वडील बहुतेक घरांत असतात.

हायड्रा बघायला कुठे मिळेल? (सातवीतली मुलगी)

संथ आणि स्वच्छ पाण्याच्या तळ्यात, कमळाच्या किंवा दुसऱ्या पाणवनस्पतीच्या पानांच्या खालच्या बाजूला. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. थोडी पानं त्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घाल, नळाचं पाणी मिसळू नकोस. बरणी खिडकीजवळ ठेव, पण थेट उन्हात नको. एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी उजेडाच्या बाजूच्या काचेवर भिंगातून बघ. भुऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं काही चिकटलेलं असेल आणि त्याच्या टोकाला बारीक धागे हलत असतील. बरणीला टिचकी मारलीस की ते आकसून ठिपका होईल. थांब. थोड्या वेळाने ते परत उलगडेल. बघून झालं की पाणी जिथून आणलंस तिथेच ओत.